मॉलमध्ये नोकरी आणि अंगात ताप: सुट्टी पण मिळावी आणि पैसे पण, त्यासाठी काय करायचं

साडेसहा वर्षं एका मोठ्या सुपरमार्केटच्या बिलिंग काउंटरला उभी होते, नाव घेत नाही, आता दुसरीकडे आहे पण लाइन तीच. हे सगळं त्यांच्यासाठी लिहितेय जे मोठ्या दुकानांत फ्लोअरवर, कॅशला, बॅक स्टोअरला, बेकरीला नाहीतर ट्रायल रूमच्या बाहेर दिवसभर उभे असतात आणि ज्यांना ताप आला की आधी डॉक्टर नाही, रोस्टर आठवतो. शनिवार-रविवार आजारी पडायचं नाही, पहिल्या आठवड्यात पडायचं नाही कारण लोकांचे पगार झालेले असतात आणि गर्दी असते, गणपती ते दिवाळी तर विचारूच नका.

आधी कडू गोष्ट सांगून टाकते. महाराष्ट्राच्या दुकान कायद्यात सिक लीव्ह नावाची सुट्टीच नाहीये. खरंच नाही. आपण ज्याला गुमास्ता कायदा म्हणतो त्याचं नवीन रूप म्हणजे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७, १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झालेला. त्यात वर्षाला ८ कॅज्युअल लीव्ह आहेत पगारी, ८ सणाच्या सुट्ट्या आहेत (२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि बाकीच्या चार मालक-कामगारांनी ठरवायच्या) आणि वर्षात २४० दिवस भरले असतील तर पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक अशी पगारी रजा, जी साठवत साठवत ४५ दिवसांपर्यंत नेता येते. संपलं. आजारपण हा शब्द रजेच्या हिशोबात नाही. दिल्लीच्या कायद्यात निदान आजारपण किंवा कॅज्युअल म्हणून १२ दिवस लिहिलेत, आपल्याकडे ते पण नाही. त्यामुळे ऑफर लेटरमध्ये जर एसएल ७ किंवा एसएल ६ असं काही दिसलं तर ते कंपनीने आपणहून दिलेलं आहे, त्याच्या अटी कंपनीच्याच, आणि ज्याच्या लेटरमध्ये दिसत नाही त्याने एचआरशी भांडून घसा कोरडा करण्यात अर्थ नाही.

ते ८ सीएल पण एकदम जानेवारीत मिळत नाहीत हां, तीन-तीन महिन्यांनी खात्यात पडतात म्हणजे एका क्वार्टरला दोन, आणि ३१ डिसेंबरला उरलेल्या गेल्या. म्हणून ऑक्टोबरमध्ये सगळ्यांची तोंडं बघायची, सुट्टी शिल्लक असते पण सीझन म्हणून मंजूर होत नाही आणि डिसेंबर संपला की बुडते.

मग आजारपणाचे पैसे देतं कोण? तर ते तुमच्या पगाराच्या स्लिपवर आहे, दर महिन्याला, तुम्ही बघत नाही एवढंच.

ती ०.७५ टक्क्यांची ओळ

स्लिपवर ईएसआय (राज्य कामगार विमा योजना) किंवा ईएसआयसी (ती चालवणारं सरकारी महामंडळ) म्हणून छोटीशी कपात असते. ग्रॉस म्हणजे कपातीआधीचा पगार २१,००० पर्यंत असेल (अपंग असाल तर २५,०००) तर तुम्ही या योजनेत आहात. तुमच्याकडून ०.७५ टक्के जातात, कंपनी वरून ३.२५ टक्के भरते, हे दर जुलै २०१९ पासूनचे. म्हणजे १५,००० पगार असेल तर तुमचे ११३ रुपये आणि कंपनीचे ४८८, दर महिन्याला. ओव्हरटाइम २१,००० च्या मर्यादेत मोजत नाहीत, त्यामुळे दिवाळीच्या महिन्यात ओव्हरटाइमने ग्रॉस २३,००० गेला म्हणून कोणी तुम्हाला योजनेतून बाहेर काढू शकत नाही. आणि खरोखर इन्क्रिमेंट होऊन वर गेलात तरी तो सहा महिन्यांचा टप्पा संपेपर्यंत आतच असता.

या पैशांच्या बदल्यात तुम्हाला आजारी पडल्यावर रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. थेट बँकेत. मॅनेजरने मंजूर करायचा प्रश्नच नाही कारण पैसे कंपनी देत नाही, महामंडळ देतं. हे मला पहिली पाच वर्षं कोणी सांगितलं नाही, इंडक्शनला "कस्टमरशी डोळ्यात डोळे घालून बोला" यावर दीड तास गेला आणि ईएसआयवर एक स्लाइड पण नव्हती.

माझं काय झालं ते आधी

ऑगस्टमध्ये टायफॉइड झाला. घराजवळच्या फॅमिली डॉक्टरकडे गेले, लहानपणापासूनचे डॉक्टर, त्यांनी रक्त तपासलं, औषधं दिली, लेटरहेडवर लिहून दिलं दहा दिवस आराम. मी ते सर्टिफिकेटचा फोटो काढून मॅनेजरला पाठवला आणि झोपले. महिनाअखेरीला स्लिप आली तर दहा खाडे आणि मधला वीक ऑफ पण कापलेला. एचआरला विचारलं तर म्हणे सीएल अप्लाय केली नव्हती आणि मेडिकल तर आमच्याकडे नाहीच. साडेपाच हजार गेले वर औषधांचे वेगळे.

आमच्याकडे हाउसकीपिंगला एक मावशी होत्या, आधी बरीच वर्षं औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होत्या, त्या डबा खाताना म्हणाल्या, "अगं तुझं विम्याचं कापतात ना? मग पॅनलवाल्याकडं का नाही गेलीस?" मला पॅनल म्हणजे टीव्हीचं पॅनल वाटलं होतं, शपथ.

सगळा खेळ त्या एका वाक्यात आहे. पहिल्या दिवशी कुठल्या डॉक्टरच्या दारात उभे राहता त्यावर पैसे मिळणार की खाडे पडणार ते ठरतं. फॅमिली डॉक्टर कितीही हुशार असले तरी ईएसआयच्या पैशासाठी ईएसआयच्या डॉक्टरचंच सर्टिफिकेट लागतं: दवाखान्यातला मेडिकल ऑफिसर, नाहीतर पॅनल डॉक्टर म्हणजे असा खाजगी डॉक्टर ज्याचा योजनेशी करार आहे आणि ज्याच्या यादीत तुमचं नाव लावलेलं आहे. मोठं काही असेल तर कामगार विमा हॉस्पिटल, मुंबईकडे मुलुंड, कांदिवली, वरळी, ठाण्याला वागळे इस्टेट, उल्हासनगर, पुण्यात बिबवेवाडी आणि चिंचवडला मोहननगर, शिवाय नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, नागपूर इथे आहेत. अपघात-बिपघात होऊन रात्री जवळच्या खाजगी हॉस्पिटलमध्ये भरती केलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी जीव वाचवायचा, पण घरच्यांना सांगून ठेवा की लगेच दुसऱ्या दिवशी ईएसआयच्या दवाखान्यात कळवायचं आणि डिस्चार्जचे सगळे कागद ओरिजिनल ठेवायचे.

आजारी पडायच्या आधीच करायचं काम

हे ताप नसताना करा, म्हणजे आज. तुमचा विमा नंबर शोधा, दहा आकडी असतो, स्लिपवर असतो नाहीतर एचआरकडे. ई-पहचान कार्डाची (योजनेच्या ओळखपत्राची) प्रिंट काढा, त्यावर तुमचा दवाखाना किंवा पॅनल डॉक्टर लिहिलेला असतो. आता बघा तो कुठला आहे. आमच्या अर्ध्या स्टाफचा दवाखाना स्टोअरच्या एरियातला टाकला होता कारण एचआरने फॉर्म भरताना सगळ्यांना एकच टाकून दिला, आणि मुली राहतात बदलापूर, टिटवाळा, वासिंद. ताप १०३ असताना लोकल पकडून तिथं कोण जाणार? तो बदलून घराजवळचा करून घेता येतो, करून घ्या.

मग ईएसआयसीच्या पोर्टलवर विमा नंबरने लॉगिन करून तीन गोष्टी तपासा. नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का (लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं इथंच अडकतं), बँक खातं बरोबर आहे का, आणि दर महिन्याचं कॉन्ट्रिब्युशन जमा दिसतंय का. शेवटचं फार महत्त्वाचं. स्लिपवर कापलं म्हणजे भरलंच असं नसतं, विशेषतः एजन्सीवाले.

आता ७८ दिवसांचं गणित, इथं सगळे गोंधळतात. वर्षाचे दोन टप्पे आहेत. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये भरलेल्या पैशांचा फायदा पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. ऑक्टोबर ते मार्चमध्ये भरलेल्यांचा फायदा जुलै ते डिसेंबरमध्ये. आणि त्या भरण्याच्या सहा महिन्यांत निदान ७८ दिवस तुमचा पगार झालेला पाहिजे. म्हणजे तुम्ही ऑगस्टमध्ये आजारी पडलात तर आत्ताचं काही बघत नाहीत, मागच्या ऑक्टोबर ते मार्चमध्ये ७८ दिवस भरलेत का ते बघतात. त्या काळात दोन महिने गावी बसला होतात, गॅप घेतला होता, तर अडचण. आणि नवीन लागलेल्यांना पहिले नऊ महिने पैसे नाहीत, मात्र औषधोपचार पहिल्या दिवसापासून आहे, त्यामुळे नवीन असलात तरी पॅनलवाल्याकडेच जा, निदान औषधांचा खर्च वाचेल.

ताप आला त्या दिवशी

सकाळीच जा. उद्या बघू, क्रोसिन घेऊन शिफ्ट काढू, असं करू नका, आपल्याकडे अंगावर काढण्याची सवय फार आणि ती इथे महागात पडते कारण सर्टिफिकेट डॉक्टरने तपासलं त्या तारखेपासून चालू होतं. मागची तारीख टाकून द्या म्हणून हात जोडणाऱ्यांना मी पाहिलंय, आणि डॉक्टरने रजिस्टर पुढे सरकवून "ही बघ आजची तारीख, हे वाच" असं म्हटलेलं पण.

मी दुसऱ्यांदा, डेंग्यूच्या वेळी, बरोबर गेले. पॅनल डॉक्टरचा दवाखाना म्हणजे चाळीतली खालची खोली, बाहेर लाकडी बाकडं, भिंतीवर राज्य कामगार विमा योजनेचा गंज चढलेला बोर्ड. माझ्या पुढे एक सिक्युरिटीवाला, एक गारमेंटमधली बाई, एक कुरिअरवाला पोरगा. डॉक्टरने आधी कार्ड घेतलं, नंबर उतरवला आणि मग विचारलं काय होतंय. तपासून झाल्यावर मी गप्प बसले होते तर तेच म्हणाले, "नुसती औषधं का सर्टिफिकेट पण?" हे लक्षात ठेवा, मागितल्याशिवाय सर्टिफिकेट बनत नाही, कितीतरी जण औषध घेऊन परत येतात. स्पष्ट सांगायचं, कामावर जाता येणार नाही, पहिलं सर्टिफिकेट द्या. त्यावर तुमचं नाव, नंबर, तारीख, आजार नीट लिहिलंय का ते तिथंच वाचा, शिक्का उमटलाय का बघा. माझ्यावर अर्धाच उमटला होता, परत मारून घेतला.

एका सर्टिफिकेटवर महिनाभर चालत नाही. आठवड्याने परत जाऊन मधलं घ्यायचं आणि बरं झाल्यावर कामावर जायच्या आधी फायनल घ्यायचं, ज्याला सगळे फिट म्हणतात. फिट न घेता कामावर गेलात की शेवटच्या आठवड्याचं लटकतं. हे सगळे कागद आणि फॉर्म ९ म्हणजे क्लेमचा अर्ज ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात द्यायचा. दवाखाना वेगळा, शाखा कार्यालय वेगळं, हॉस्पिटल वेगळं, पहिल्यांदा तिघांत फिरून नाकी नऊ येतात. ऑनलाइन पण क्लेम टाकता येतो, पण मी म्हणेन पहिल्या वेळी जाऊनच द्या आणि पोच घ्या, समोरचा माणूस लगेच सांगतो काय कमी आहे ते.

दोन दिवस आणि दोन सीएल

पहिल्या दोन दिवसांचे पैसे ईएसआय देत नाही. (आधीच्या आजारपणाला १५ दिवस उलटायच्या आत परत पडलात तर मात्र हे दोन दिवस कापत नाहीत, डेंग्यूनंतर लोक असे परत पडतातच.) आणि ज्या दिवसाचा पगार घेतला त्या दिवसाचा ईएसआय पण मिळत नाही, दोन्हीकडून खाता येत नाही. म्हणून सरळ हिशोब असा, पहिल्या दोन दिवसांना सीएल टाका आणि तिसऱ्यापासून ईएसआय.

१५,००० पगारवाल्याचं बघू. दिवसाला साधारण ५०० धरा, त्याचे ७० टक्के ३५०. दहा दिवसांचं सर्टिफिकेट असेल तर दोन दिवस सीएलचे १००० आणि आठ दिवस गुणिले ३५० म्हणजे २८००, एकूण ३८००. काही न करता घरी बसला असता तर शून्य. आणि सगळ्या आठ सीएल एका तापात उडवल्या असत्या तर वर्षभर मुलाच्या ॲडमिशनला, सासूच्या डोळ्याच्या ऑपरेशनला काय टाकणार? सीएल जपून वापरायची वस्तू आहे. लांबलेल्या आजारात ज्यांना पूर्ण पगार हवाच आहे ते साठवलेली रजा वापरू शकतात पण मला विचाराल तर ती पण वाचवा, नोकरी सोडताना कामाला येते.

मॅनेजरला काय कळवायचं

फोनवर बोला हवं तर, पण मेसेज टाकाच, आणि ग्रुपवर नाही, मॅनेजरला आणि एचआरला वेगवेगळा. ग्रुपवर टाकलं की चार जण अंगठा दाखवतात आणि तुमचा मेसेज ऑफरच्या फोटोंखाली गाडला जातो. मी असा टाकायचे:

"सर, मला काल रात्रीपासून ताप आहे. आज ईएसआयच्या डॉक्टरकडे दाखवलं, त्यांनी आज १२ तारखेपासून ७ दिवसांचं सर्टिफिकेट दिलं आहे, फोटो सोबत आहे. १२ आणि १३ ला सीएल लावावी, १४ पासून ईएसआय रजा धरावी. १८ ला परत तपासणी आहे, तेव्हा कळवते."

बास. माफी मागायची नाही, आजाराचं पुराण लावायचं नाही. आपल्याला सवय असते "सॉरी सर प्लीज सर" लिहायची, मग तो मेसेज विनंती होतो आणि विनंती नाकारता येते. तारखा लिहा, फोटो जोडा, संपलं.

एक सापळा मात्र सांगते. रविवारी फोन येतो, "अगं फक्त दोन तास ये, बसून बिलिंग कर, पंच करून जा". जाऊ नका. शाखा कार्यालय कंपनीला विचारू शकतं की हा माणूस या तारखांना गैरहजर होता का, आणि बायोमेट्रिकवर तुमचा पंच दिसला की त्या दिवसाचे पैसे गेले, वर सर्टिफिकेट खोटं होतं असा संशय. आमच्या ग्रोसरीच्या एका दादाने चांगुलपणाने असा एक पंच मारला आणि पुढे दोन महिने खुलासे देत बसला.

ते वीक ऑफ कापायचं प्रकरण, म्हणजे शनिवार आणि सोमवार गैरहजर तर मधला रविवार पण कापला, ते कंपनीच्या पॉलिसीत लेखी आहे का ते एचआरला मेलवर विचारा. मी विचारलं तर उत्तर आलंच नाही आणि पुढच्या पगारात तो दिवस गुपचूप परत आला.

बेकरी, फळं, लाइव्ह काउंटर

खाण्याच्या काउंटरवर असाल तर तुमच्या हातात जास्त दम आहे. एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षेची सरकारी संस्था) परवान्याच्या नियमांत, परिशिष्ट ४ मध्ये, स्पष्ट आहे की संसर्गजन्य आजार असलेल्या माणसाला अन्न हाताळायला लावायचं नाही आणि अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करायची. म्हणजे कावीळ, टायफॉइड, जुलाब असताना "ग्लोव्हज घाल आणि उभी राहा" म्हणणारा मॅनेजर स्वतःच्या स्टोअरचा परवाना अडचणीत आणतोय. त्याला हेच शब्द मेसेजमध्ये लिहा, फार नम्रपणे. सुट्टी मिळते. मी दोघींना लिहून दिलंय, दोघींना मिळाली.

पडलात, लागलं, गाडीने उडवलं

हे आजारपण नाही, याचा हिशोब वेगळा आणि जास्त चांगला. बॅक स्टोअरला तेलाचे डबे पायावर पडले, शिडीवरून घसरलात, पॅलेट ट्रक लागला, तर ७० नाही ९० टक्के मिळतात, ७८ दिवसांची अट नाही, काल लागलेल्या पोराला पण लागू. फक्त अपघाताचा दिवस सोडून निदान तीन दिवस काम बंद राहिलं पाहिजे. आणि घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात पण यात धरतात, २०१० पासून, तो प्रवास नोकरीसाठीच होता हे दिसलं पाहिजे एवढंच. रात्री साडेदहाला क्लोजिंग करून शेवटच्या गाडीने येणाऱ्यांनी हे वाचून ठेवा. अपघाताची नोंद त्याच दिवशी स्टोअरच्या रजिस्टरमध्ये करून घ्या आणि कंपनीने ईएसआयला अपघाताचा रिपोर्ट पाठवला का ते विचारा, त्याची कॉपी मागा. सुपरवायझर म्हणतो ना की "कशाला रिपोर्ट, मी बघतो औषधाचं", तो पाचशे रुपये देतो आणि सहा महिन्यांनी पाय दुखायला लागला की ओळख दाखवत नाही.

उभं राहून होणारं दुखणं, पायाच्या शिरा फुगणं, टाचा, कंबर, हे मात्र अपघातात बसवणं कठीण, ते साध्या आजारपणातच जातं. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यायचा कायदा केला. आपल्याकडे अजून स्टुलावर बसलं की सीसीटीव्हीतून फोन येतो.

टीबी, कॅन्सर असले ३४ मोठे आजार वेगळ्या यादीत आहेत. आधी ते ९१ दिवस आणि मग ८० टक्क्यांनी, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत, पण त्यासाठी दोन वर्षं सलग नोकरी आणि त्यात १५६ दिवस भरलेले हवेत. म्हणून टीबी निघाला की लोक घाबरून राजीनामा देतात ना, ते करू नका प्लीज, राजीनामा दिला की हे सगळं धोक्यात. टीबीवाल्यांना सरकारचे पोषणाचे महिन्याला १,००० रुपये पण आहेत, नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे १,००० झाले. बाळंतपणाचे २६ आठवडे पूर्ण पगाराने, तो विषय मोठा आहे, इथे नको.

प्रमोटर, एजन्सी, ऑफ-रोल

शाम्पूच्या शेल्फपुढे कंपनीचा टी-शर्ट घालून उभी असलेली मुलगी स्टोअरची नसते, ब्रँडची पण नसते, कुठल्यातरी एजन्सीची असते, आणि आजारी पडली की तिघं एकमेकांकडे बोट दाखवतात. हाउसकीपिंग, सिक्युरिटी, दिवाळीची तात्पुरती पोरं, सगळ्यांचं हेच. तर एजन्सीने ईएसआय भरलं नाही तर ते भरायची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे एजन्सीमार्फत ज्याचं काम करता त्याच्यावर येते, पुढे त्याने एजन्सीकडून वसूल करायचं. म्हणून एजन्सीच्या मुलांनी पोर्टल दर महिन्याला बघा. दोन एजन्सी बदलल्या की दोन विमा नंबर होतात, आणि ७८ दिवस दोन्हीत विभागले जाऊन कुठेच भरत नाहीत. नवीन ठिकाणी लागताना जुना नंबर द्या, एकच नंबर आयुष्यभर चालतो.

२१,००० च्या वर असलेले, म्हणजे डिपार्टमेंट मॅनेजर, सीनियर कॅशिअर वगैरे, त्यांना ईएसआय नाही. त्यांनी एचआर पोर्टलवर लीव्ह पॉलिसी डाउनलोड करून ठेवा आणि कंपनीचं मेडिक्लेम कार्ड बघा. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल देतो, बुडालेला पगार नाही, हा फरक बऱ्याच जणांना भरती झाल्यावर कळतो. पीएफमधून आजारपणासाठी ॲडव्हान्स काढता येतो, तो शेवटचा उपाय म्हणून.

नोटीस आली तर

सर्टिफिकेटवर असताना "तीन दिवसांत हजर व्हा नाहीतर नोकरी सोडली असं समजू" असं पत्र येतं, छापील असतं, सगळ्यांना तेच. घाबरून अर्ध्या तापात पळत जाऊ नका आणि दुर्लक्ष पण करू नका. १९४८ च्या ईएसआय कायद्याच्या कलम ७३ ने आजारपणाचे पैसे घेत असताना किंवा ईएसआयच्या उपचारात असताना माणसाला काढायला किंवा शिक्षा करायला बंदी घातली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या आणि तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, म्हणून उत्तरात कलमांचे नंबर स्वतः ठोकू नका, ते काम युनियनवाल्याचं किंवा वकिलाचं. तुम्ही फक्त लिहा की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ईएसआयच्या सर्टिफिकेटवर आहे, कॉपी जोडली आहे, अमुक तारखेला मेसेजने कळवलं होतं. मेलवर आणि रजिस्टर पोस्टाने. पोस्टाची पावती जपा.

सीएल देतच नाहीत, कायद्याच्या सुट्ट्या बुडवतात अशी तक्रार असेल तर मुंबईत ती महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधल्या दुकाने व आस्थापना विभागात करायची आणि बाकी महाराष्ट्रात कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. आधीच्या इन्स्पेक्टरला आता कायद्यात सुविधाकार म्हणतात, पण खिडकीवर इन्स्पेक्टर म्हटलं तरी कळतं. ईएसआयचे पैसे अडकले असतील तर तक्रार शाखा कार्यालयात, कंपनीचा त्यात संबंध नाही. चार-पाच जण मिळून गेलात तर उत्तम, एकटा गेला की त्याचाच रोस्टर बदलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या मावशी रिटायर झाल्या तेव्हा त्यांच्याकडे एक प्लास्टिकची पिशवी होती, त्यात औषधाच्या कंपनीपासूनची सगळी सर्टिफिकेटं, पोच पावत्या आणि जुनं लाल पिवळं पडलेलं विमा कार्ड. मी मोबाइलमध्ये फोल्डर केलाय, ईएसआय नावाचा, त्यात कार्ड, मागच्या दोन वर्षांच्या स्लिपा, सगळी सर्टिफिकेटं, मॅनेजरला टाकलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट. आणि नवऱ्याच्या मोबाइलमध्ये त्याची कॉपी, कारण डेंग्यूत १०४ ताप असताना स्वतःच्या फोनचा पासवर्ड पण आठवत नव्हता.